दोन श्वासांचा मासा : घरगुती मत्स्यालयातील छोट्या गुरामींचे संगोपन व पैदास

उज्जैन रेल्वे स्थानकातून बाहेर पडून बस स्थानकाकडे निघाले की देवास गेटचा वर्दळीचा परिसर लागतो. थोरल्या आणि धाकट्या पातीच्या पवारांनी जेथे शेजारी शेजारी राज्य केले, त्या देवासकडे जाणारा हा मार्ग. शिंद्यांच्या काळापासून माळव्यात स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे आजही घरात मराठी बोलतात. याच परिसरातील अशा एका घरी बैठकीच्या खोलीत ठेवलेली काचेची टाकी प्रस्तुत लेखास निमित्त झाली. टाकीत हिरव्या वनस्पतींच्या गर्दीतून लाल-निळ्या पट्ट्यांचे दोन-अडीच इंची मासे संथपणे फिरत होते. मधूनच एखादा मासा वर येई, पाण्याच्या पृष्ठभागाला ओठ लावी आणि पुन्हा पानांआड जाई.

मासे देखणे होते, परंतु घरातील वडीलधारे गृहस्थ समाधानी नव्हते. जोडीने दोन वेळा अंडी घातली होती, दोन्ही वेळा शेकडो पिले पोहू लागली होती आणि दोन्ही वेळा तिसऱ्या आठवड्यात ती पटापट मेली होती. “अहो, पाणी बदललं, खाणं दिलं, हवेचा पंपसुद्धा रात्रंदिवस चालू ठेवला. मग बिनसलं कुठं?” असा त्यांचा प्रश्न होता. शोभिवंत मासे पाळणाऱ्या पुष्कळांना हा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर या माशाच्या शरीररचनेत असल्यामुळे प्रथम तिकडे वळणे योग्य ठरेल.

घरचाच मासा, परदेशी वेष्टनात

दुकानात ‘ड्वार्फ गुरामी’ म्हणून मिळणारा मासा विदेशी आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः तो गंगा आणि ब्रह्मपुत्रा यांच्या खोऱ्यांतील रहिवासी होय. फ्रान्सिस हॅमिल्टन या सर्वेक्षकाने गंगेतील माशांवरील आपला ग्रंथ १८२२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात या माशाला त्याने ‘लॅलियस’ आणि त्याच्या मधाच्या रंगाच्या भाऊबंदाला ‘चुना’ असे नाव दिले. बंगालीत या माशांना ‘खलिशा’ म्हणतात. त्यावरूनच ‘कोलिसा’ हे शास्त्रीय प्रजातिनाम पडले व ते दीर्घकाळ प्रचारात राहिले. अलीकडे शास्त्रज्ञांनी हे मासे ‘ट्रायकोगॅस्टर’ या प्रजातीत घातले आहेत. जुन्या पुस्तकात एक आणि नव्या पुस्तकात दुसरे नाव दिसल्यास वाचकांनी गोंधळून जाऊ नये.

क्षिप्रा चंबळेला मिळते व चंबळ यमुनेला. म्हणजे उज्जैन हेही गंगेच्याच खोऱ्यातील नगर आहे. तरीसुद्धा येथील दुकानातील चकचकीत निळे किंवा गर्द केशरी गुरामी बहुधा आग्नेय आशियातील मत्स्यशेतीत पिढ्यान्‌पिढ्या निवड करून वाढविलेल्या वाणांचे वंशज असतात. माहेरचा मासा असा फेरा घेऊन परत येताना काही वेळा सोबत रोगही आणतो. या माशात आढळणारा एक इरिडो-विषाणू त्यास सुस्त करतो, त्याचा रंग उतरवितो आणि बहुधा त्याचा अंत करतो. त्यावर औषध नाही. ऑस्ट्रेलियात २००३ मध्ये मरे कॉड या खाद्य माशाच्या शेतीत मोठी मरतूक झाली. तिच्या मुळाशी असलेला विषाणू आयात गुरामींतील विषाणूशी जवळजवळ अभिन्न असल्याचे तपासणीत दिसून आले. म्हणून घरी पैदास करून निरोगी पिले परिचितांना देणे हा निव्वळ छंद राहत नाही. रोगाची साखळी तोडण्याचा तो एक साधा मार्ग आहे. याच कारणास्तव पाळलेला मासा, मग तो मूळचा देशी का असेना, क्षिप्रेत, रुद्रसागरात किंवा गावच्या कोणत्याही तळ्यात सोडणे सर्वथा अयोग्य होय. पुण्य म्हणून मासे सोडणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

छोट्या गुरामींपैकी घरगुती टाकीस योग्य अशा दोन जाती आहेत. लॅलियस सहा ते आठ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. त्याचा नर लाल अंगावर तिरप्या निळसर पट्ट्यांचा, तर मादी रुपेरी-राखी असते. चुना, म्हणजेच हनी गुरामी, याहून लहान आणि स्वभावाने गरीब. विणीच्या काळात त्याच्या नराचे अंग मधासारखे पिवळे-केशरी होते आणि तोंडापासून पोटापर्यंतचा भाग काळपट निळा पडतो. दोन्हींच्या पोटाखालचे दोन पर धाग्यासारखे लांब असतात. त्यांना रुचीची जाण असते आणि आंधळ्याने काठी टेकीत चालावे तसे हे मासे त्यांनी पुढचे चाचपीत जातात. नवशिक्याने चुना जातीपासून आरंभ करावा असे आमचे मत आहे. लॅलियस दिसतो सुंदर, पण दुकानातील लॅलियसबाबत वर सांगितलेली रोगाची शंका राहतेच.

कल्ल्यावरची दुसरी खोली

मरळ मासा बाजारात पाटीत तासन्‌तास जिवंत राहतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. थेट हवेतून श्वास घेण्याची सोय त्याच्यापाशी असते. गुरामीकडे अशीच, किंबहुना अधिक गुंतागुंतीची सोय आहे. त्याच्या कल्ल्यांच्या वर डोक्यात एक पोकळी असते. तीत पहिल्या कल्ल्याच्या कमानीपासून निघालेले, घड्या पडलेले हाड असून त्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेली पातळ त्वचा असते. घड्यांच्या या भूलभुलैयामुळे त्यास ‘लॅबिरिंथ’ म्हणतात. मासा पृष्ठभागी येऊन हवेचा घोट घेतो, ती हवा या पोकळीत जाते आणि तेथे प्राणवायू रक्तात शोषला जातो. भातखाचरे, शिंगाड्याची तळी, गवताने भरलेली डबकी अशा प्राणवायू कमी असलेल्या उथळ पाण्यात हे मासे तग धरतात, ते यामुळेच.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. वीज गेली, पंप थांबला, तरी मोठा गुरामी गुदमरत नाही, ही पहिली. दुसरी, जिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते, ती अशी की या माशाचे आरोग्य पाण्याइतकेच पाण्यावरील हवेवर अवलंबून असते. खोलीत डासांची अगरबत्ती जाळली, कीटकनाशक फवारले किंवा भिंतीला तैलरंग दिला, तर गुरामी ती हवा आपल्याबरोबरच श्वासात घेतो. टाकी स्वयंपाकघरालगत असेल तर फोडणीच्या तेलाचा सूक्ष्म तवंग पाण्यावर साचतो आणि पृष्ठभाग बंद करतो. पाणी स्फटिकासारखे स्वच्छ, सामू बरोबर, आणि तरीही मासे अस्वस्थ, अशी तक्रार आल्यास प्रथम टाकीच्या वरच्या बाजूस नजर टाकावी.

टाकीची मांडणी

साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद व तीस उंच अशी टाकी एक नर व दोन माद्या, शिवाय काही शांत लहान मासे, यांना पुरेशी आहे. तीत सुमारे पन्नास लिटर पाणी मावते. वाळूसह तिचे वजन साठ किलोग्रॅमच्या वर जाते, म्हणून स्टूल किंवा कपाटाच्या फळीवर ती ठेवू नये. दोन नर एका लहान टाकीत ठेवल्यास दुबळ्याचा छळ होतो.

तळाशी धुतलेली नदीची वाळू पाच-सहा सेंटिमीटर घालावी. वाळूवर लिंबाचा रस टाकून पाहावा. फेस आला तर तीत चुनखडी आहे असे समजून ती बाजूस ठेवावी. माळव्यातील काही पालक वाळूखाली शेतातील काळ्या मातीचा थर देतात. ही माती कसदार खरी, परंतु एकदा हलली की पाणी आठवडाभर गढूळ राहते. त्यापेक्षा बागेतील साधी माती, तीही पातळ थरात व वर पुरेशी वाळू घालून, अधिक सोयीची. हायड्रिला, व्हॅलिसनेरिया, लिम्नोफिला व पाणफर्न या वनस्पती आपल्या हवामानात सहज वाढतात. पाठीमागे दाट व पुढे मोकळी जागा राखावी, आणि पृष्ठभागाचा तिसरा हिस्सा तरी तरंगत्या वनस्पतींनी झाकलेला असावा. गुरामी भित्रा असतो. आडोसा जितका अधिक तितका तो अधिक वेळ बाहेर दिसतो, हे प्रथम विपरीत वाटेल, पण अनुभव असाच आहे.

टाकी भरल्यावर त्याच दिवशी मासे सोडण्याची घाई बहुतेकांना नडते. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो व तो विषारी असतो. वाळूत व गाळणीत वाढणारे जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट वनस्पती खतासारखे वापरतात. हे जिवाणू स्थिर होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. वनस्पती आधी लावाव्यात, त्यांना नवी पाने फुटू द्यावीत, मग एक-दोन मासे आणावेत. नवे मासे तीन-चार आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून निरीक्षण करावे. अंगावर सोनेरी धूळ उडाल्यासारखी दिसणारी मखमली बुरशी गुरामींना लवकर होते (तिला बुरशी म्हणण्याची रीत असली तरी तो वस्तुतः एक सूक्ष्म परजीवी आहे). ती मुख्य टाकीत शिरली तर आवरणे कठीण जाते.

उज्जैनला गंभीर नदीवरील धरणातून नळाचे पाणी मिळते. असे शुद्धीकरण केलेले पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवावे, म्हणजे त्यातील क्लोरीन उडून जातो. कूपनलिकेचे पाणी माळव्याच्या काळ्या पाषाणात बहुधा जड असते. त्यात पावसाचे स्वच्छ पाणी मिसळल्यास जडपणा कमी होतो. सामू ६.५ ते ७.५ असला की पुरे. आकड्यांच्या मागे धावून रसायने ओतण्यापेक्षा दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलणे कितीतरी हिताचे. गाळणी स्पंजची व मंद प्रवाहाची असावी. या माशांना वाहते पाणी आवडत नाही.

उष्णतामान हा माळव्यातील खरा अडचणीचा भाग. वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो आणि पौषातील रात्री तो दहाच्याही खाली उतरतो. गुरामीला २४ ते २८ अंश सेल्सिअस मानवते. पाणी वीस अंशांखाली गेले की तो खाणे सोडतो व रोगाला बळी पडतो. म्हणून हिवाळ्यात लिटरमागे एक वॅट या हिशेबाने उष्णतानियंत्रक असलेला हीटर लावावा. उन्हाळ्यात टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून दूर ठेवावी, दिवे कमी वेळ जाळावेत आणि झाकणाच्या जागी जाळी लावून तीवरून पंख्याचा वारा जाऊ द्यावा. माठातील पाणी ज्या नियमाने गार होते, त्याच नियमाने टाकीतील पाणीही दोन-तीन अंशांनी उतरते.

पैदास : आषाढ ते भाद्रपद

वर्षभरात केव्हाही पैदास करता येते असे पुस्तके सांगतात. उष्णतानियंत्रक असेल तर ते खरेही आहे. परंतु निसर्गाशी भांडण न करता काम करावयाचे असेल तर पावसाळा उत्तम. त्या दिवसांत टाकीचे पाणी आपोआप २७-२८ अंशांवर राहते, हवा दमट असते, डासांच्या अळ्या व डाफ्निया मुबलक मिळतात.

निवडलेली जोडी आठ-दहा दिवस वेगवेगळी ठेवून तिला जिवंत खाद्य द्यावे. ट्यूबिफेक्स गटारात वाढतात, सबब ते टाळावेत. मादीचे पोट भरून आले की पैदाशीची टाकी सज्ज करावी. तीत पाणी फक्त पंधरा सेंटिमीटर, एका बाजूस झुडपासारखी दाट वनस्पती, वर थोडा रिक्सिया किंवा पाणफर्न, आणि प्रवाह अजिबात नाही. पाण्यात देशी बदामाचे एक वाळके पान टाकावे. पाणी किंचित तांबूस होते व अंड्यांवर बुरशी येण्यास काहीसा प्रतिबंध होतो.

मादी आधी सोडावी, नर दुसऱ्या दिवशी. नर तोंडाने हवेचे बुडबुडे लाळेत घोळवून पृष्ठभागी फेसाचे घरटे बांधू लागतो. लॅलियसचा नर तर वनस्पतींचे तुकडे तोडून आणून त्या फेसात विणतो. चिमण्या-सुगरणींनाच घरटी बांधता येतात अशा समजुतीत वाढलेल्या कलाशाखेच्या माणसाला हे दृश्य पाहताना वेळेचे भान राहत नाही, हे येथे कबूल केले पाहिजे. घरटे पुरे झाले की नर मादीस खाली बोलावतो व तिच्याभोवती शरीर वेढून तिला उलटी करतो. प्रत्येक मिठीत काही डझन अंडी सुटतात. अंड्यांत तेलाचा अंश असल्याने ती वर तरंगतात. इकडेतिकडे गेलेली अंडी नर तोंडात गोळा करून घरट्यात ठेवतो. दोन-तीन तासांत मिळून काही शे अंडी होतात.

काम संपताच मादीला बाहेर काढावे. घरट्याची राखण करणारा नर तिला शत्रू समजतो व जागा अपुरी असेल तर मारूनही टाकतो. चोवीस ते छत्तीस तासांत अंडी फुटतात. पिले प्रथम घरट्याला लोंबकळत राहतात, खाली पडली तर बाप त्यांना उचलून परत लावतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती आडवी पोहू लागली की नराचेही काम संपले. यापुढे ठेवल्यास तो त्यांनाच खाईल.

पहिल्या संकटाची वेळ येथे येते. गुरामीचे जिरे इतके बारीक असतात की आर्टेमियाची पिलेसुद्धा त्यांच्या तोंडात मावत नाहीत. त्यांना पाण्यातील सूक्ष्मजीवच लागतात, आणि पिले पोहू लागल्यावर बरणी भरायला घेणाऱ्यास ते वेळेवर मिळत नाहीत. म्हणून जोडी एकत्र सोडावयाच्या दिवशीच तयारी करावी. जुन्या मत्स्यालयाचे पाणी रुंद तोंडाच्या बरणीत घेऊन त्यात केळीच्या सालीचा तुकडा किंवा उकळलेला पेंढा टाकावा. दोन-तीन दिवस पाणी पांढरट व दुर्गंधीयुक्त होते, नंतर निवळते. बरणी उजेडासमोर धरल्यावर धुळीसारखे ठिपके हलताना दिसले की खाद्य तयार झाले. तळ्याचे पाणी थेट वापरू नये, कारण त्याबरोबर चतुरांच्या अळ्या व हायड्रा येतात आणि रात्रीत पिले फस्त करतात. हे पाणी दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे घालावे. साधारण आठव्या ते दहाव्या दिवसापासून नुकत्याच फुटलेल्या आर्टेमियाची भर घालता येते. उकडलेल्या अंड्याचा बलक तलम कपड्यातून गाळून देण्याची जुनी रीत आहे. ती चालते, मात्र कण जरासा जास्त झाला तरी पाणी सडते.

तिसरा आठवडा

आता देवास गेटच्या प्रश्नाकडे वळू. अंड्यातून आलेल्या पिलाला लॅबिरिंथ नसतो. आरंभी ते कातडीतून व नंतर कल्ल्यांतून पाण्यातील प्राणवायू घेते. हवेचा अवयव साधारण तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास कार्य करू लागतो, आणि तेव्हा पिलू आयुष्यात प्रथमच पृष्ठभागी येऊन हवा घेते. ही वेळ अत्यंत नाजूक असते. पाण्यावर तवंग असेल तर इवल्याशा पिलाला तो भेदता येत नाही. पाण्याहून फार थंड व कोरडी हवा त्या कोवळ्या अवयवाला बाधते, असा पैदासकारांचा सार्वत्रिक अनुभव आहे. या आधीच्या दिवसांत तर उलटी काळजी घ्यावी लागते. लॅबिरिंथ नसल्यामुळे पिलांना बापासारखे कमी प्राणवायूच्या पाण्यात राहता येत नाही, म्हणून सडलेले अन्न रोज नळीने काढावे लागते.

त्या घरी दोन्ही वेळा पैदास मार्गशीर्षात झाली होती. हीटरमुळे पाणी २८ अंशांवर होते, पण टाकीवर झाकण नव्हते आणि रस्त्याकडील खिडकी रात्रभर उघडी असे. वाहनांच्या धुराची व धुळीची काळसर साय पाण्यावर बोटाने पुसता येत होती. पंपाचा जोर तर इतका की पिले पाण्याबरोबर फेकली जात. पाण्याची सर्व निगा राखली गेली होती, हवेची मात्र कोणाच्या मनात आली नव्हती. त्या कुटुंबाने पुढील वीण पावसाळ्यात घेतली. टाकीवर काचेचे झाकण बसविले, पाणी व काच यांमध्ये सहा-सात सेंटिमीटर हवा राखली, रोज सकाळी कोरा कागद पृष्ठभागावर पसरून उचलून तवंग काढला आणि पंपाची कळ फिरवून बुडबुडे एकेक येतील इतका वेग ठेवला. त्या वेळीही काही पिले गेलीच, सर्व जगतात असे कोणी सांगू नये. पण बोटुकलीच्या आकारापर्यंत पोहोचलेल्यांची संख्या घरातील टाकीत मावेनाशी झाली, आणि शेजारच्या मुलांनी बरण्या घेऊन दाराशी यावयास सुरुवात केली.

सहा आठवड्यांनंतर मोठी व लहान पिले वेगळी करावीत, नाही तर थोरली धाकट्यांचे खाणे पळवितात. तीन-चार महिन्यांत रंगावरून नर-मादी ओळखू येतात. एकाच विणीतील भावंडांची पुन्हा जोडी लावण्याऐवजी दुसऱ्या पालकाकडील मासा अदलाबदलीने घ्यावा.

हा छंद ज्यांना व्यवसायात उतरवावयाचा असेल त्यांच्या माहितीसाठी एक नोंद. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपन घटकाचा खर्च तीन लाख रुपये धरण्यात आला होता. त्यावर सर्वसाधारण प्रवर्गास ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थींस ६० टक्के साहाय्य ठरविलेले होते. सद्यःस्थितीतील तरतुदींसाठी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात चौकशी करावी.

पिले परगावी नेताना पिशवीचा एक तृतीयांश भाग पाण्याने व उरलेला साध्या हवेने भरावा. काठोकाठ पाणी भरलेल्या पिशवीत इतर मासे थोडा वेळ तग धरतील, मोठा गुरामी मात्र वर हवा न मिळाल्याने तडफडतो. प्रवासाआधी एक दिवस खाणे बंद ठेवावे, पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळून कापडी थैलीत ठेवावी आणि देवास गेटहून इंदूर किंवा देवासच्या बसमध्ये बसताना ती इंजिनाजवळच्या गरम फळीवर न ठेवता मांडीवर घ्यावी. मुक्कामी पोहोचल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटे नव्या पाण्यावर तरंगत ठेवून, थोडे थोडे पाणी मिसळून, मग तोंड सोडावे आणि टाकीवर लगेच झाकण घालावे.